जिरणारी जाळी, न जिरणारे प्रश्न

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात काही शब्द असे असतात की ते ऐकताच रुग्णाची निम्मी भीती मावळते. ‘विरघळून जाणारे’ हा त्यांपैकीच एक. हर्निया, म्हणजे आपल्याकडे ज्याला पूर्वापार अंतर्गळ म्हणत आले, त्याच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेला आधार देण्यासाठी जाळी बसवतात. ही जाळी सहसा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि ती आयुष्यभर शरीरात राहते. गेल्या काही वर्षांत मात्र काही महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांत शरीरात जिरून जाणाऱ्या कृत्रिम जाळ्या उपलब्ध झाल्या आहेत. काम झाले की जाळी नाहीशी होईल, शरीरात परके काही उरणार नाही, हे त्यांच्यामागचे आश्वासन आहे. ते हर्नियाच्या बाबतीत कितपत खरे ठरते, त्याची किंमत कोण मोजतो आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने त्याला कोठे जागा द्यावी, या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे जवळपास होतच नाही.

प्रश्न किरकोळ नाही. जगात दरवर्षी हर्नियाच्या सुमारे दोन कोटी शस्त्रक्रिया होतात. पुरुषाला आयुष्यात कधीतरी जांघेतील हर्निया होण्याची शक्यता सुमारे २७ टक्के, तर स्त्रीला सुमारे ३ टक्के असते. ओझे उचलल्यानेच हर्निया होतो, असे ठामपणे म्हणता येत नाही; पण तो झाल्यावर ओझे उचलणाऱ्याचीच रोजी आधी बुडते, हे निश्चित. जबलपूरच्या गोरखपूरसारख्या गजबजलेल्या बाजारवस्तीतील हमालाला किंवा मंडला-डिंडोरीहून मजुरीसाठी शहरात आलेल्या आदिवासी कामगाराला हर्निया होतो, तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रांगेची, दुसरी खासगी रुग्णालयाची. पहिल्या वाटेवर वेळ जातो, दुसऱ्या वाटेवर पैसा. दुसऱ्या वाटेवर ‘साधी जाळी हवी की चांगली?’ असा प्रश्न त्याला विचारला जातो, तेव्हा उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती त्याच्याजवळ नसते. तिन्ही बाजूंनी अडलेला माणूस ‘चांगली’ असेच म्हणणार.

या ‘चांगली’ शब्दाचा अर्थ तपासण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इटलीतील एदुआर्दो बास्सिनी यांनी १८८४मध्ये जांघेतील हर्नियाची आधुनिक शस्त्रक्रिया सुरू केली. तीत स्नायू आणि त्यांची आवरणे ओढून टाक्यांनी एकत्र शिवली जात. पण ताण देऊन शिवलेले कापड जसे शिवणीपाशीच उसवते, तसेच येथेही होई. अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी १९५८मध्ये प्लास्टिकच्या जाळीचा वापर मांडला आणि १९८०च्या दशकात अर्व्हिंग लिक्टेन्स्टाइन यांनी ताण न देता जाळीचे ठिगळ लावण्याची पद्धत रूढ केली. ठिगळाचा फायदा किती, हे नेदरलँडमधील एका चाचणीने दाखवून दिले. जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून उद्भवणाऱ्या हर्नियात नुसते टाके घातलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना तीन वर्षांत पुन्हा हर्निया झाला. जाळी बसवलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. त्याच रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर हे आकडे अनुक्रमे ६३ आणि ३२ टक्के झाले. जाळी ही चैनीची वस्तू नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तरीही जिरणाऱ्या जाळीची ओढ का वाटते? तिला सबळ कारणे आहेत. जांघेतील हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा टक्के रुग्णांना महिनोन्‌महिने त्रास देणारी वेदना राहते. त्याला जाळी हे एकमेव कारण नसले, तरी ते एक कारण असू शकते. कायमच्या जाळीत जंतुसंसर्ग घुसला तर ती काढणे अवघड असते. डेन्मार्कमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत असे दिसले की, व्रणातील हर्नियासाठी जाळी बसवल्यावर पुन्हा हर्निया होऊन शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण घटते. पण पाच वर्षांत जाळीमुळेच उद्भवणाऱ्या गंभीर गुंतागुंती खुल्या शस्त्रक्रियेत ५.६ टक्के आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ३.७ टक्के रुग्णांत आढळतात. म्हणजे फायद्याचा काही भाग कालांतराने तोट्याने खाल्ला जातो. अमेरिकेत हर्नियाच्या जाळ्यांबाबतचे हजारो दावे न्यायालयांत गेले आणि २०२४मध्ये एका मोठ्या उत्पादक कंपनीने त्यांतील बहुतांश दावे तडजोडीने मिटवले. रुग्णांची भीती केवळ अज्ञानातून आलेली आहे, असे म्हणून ती झटकून टाकता येणार नाही.

जिरणाऱ्या जाळ्यांचेही प्रकार आहेत. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यासारख्याच पॉलिग्लॅक्टिनपासून विणलेली जाळी दोन-तीन महिन्यांत संपते आणि तिची ताकद त्याच्याही आधी जाते. पॉट तात्पुरते झाकण्यासारख्या आणीबाणीच्या प्रसंगी ती उपयोगी पडते, पण कायमच्या दुरुस्तीला ती पुरत नाही. पुढच्या पिढीतील एक जाळी सहा-सात महिन्यांत शोषली जाते. जंतूंच्या मदतीने तयार होणाऱ्या पॉली-४-हायड्रॉक्सिब्युटिरेट या बहुवारिकाची जाळी बारा ते अठरा महिन्यांत जिरते. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एका जाळीत लवकर आणि उशिरा जिरणारे असे दोन धागे एकत्र विणलेले असतात आणि ती पुरती नाहीशी व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात. जाळी हळूहळू ओझे खाली ठेवेल आणि दरम्यान शरीराने विणलेली ऊती ते उचलेल, अशी ही कल्पना आहे.

कल्पना सुरेख आहे. अडचण शरीराची आहे. हर्निया होणाऱ्या अनेक रुग्णांच्या ऊतींत कणखर कोलॅजन कमी आणि नाजूक कोलॅजन तुलनेने अधिक असते, असे अभ्यास सांगतात. जी ऊती मुळात दुबळी पडली म्हणून छिद्र झाले, तिच्यावरच अखेर सारी भिस्त टाकायची, असा हा व्यवहार आहे. स्वीडनमधील त्या जाळीचा चाळीस रुग्णांवरील अनुभव येथे बोलका आहे. जांघेतील ज्या हर्नियात नैसर्गिक वाट रुंद झालेली असते, त्या प्रकारच्या रुग्णांत तीन वर्षांत एकालाही पुन्हा हर्निया झाला नाही. पण भिंतच दुबळी झाल्याने होणाऱ्या किंवा मिश्र प्रकारच्या हर्नियात चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांत तो परतला. एकच जाळी, एकच पद्धत, पण हर्नियाचा प्रकार बदलताच निकाल उलटा.

व्रणातील हर्नियाचे आकडेही तसेच सावध करतात. पॉली-४-हायड्रॉक्सिब्युटिरेटची जाळी १२१ जोखमीच्या रुग्णांत बसवण्यात आली. दीड वर्षाने सुमारे ९ टक्क्यांना पुन्हा हर्निया झाला होता; तीन वर्षांनी हे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवर गेले. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, रुग्ण मुळातच गुंतागुंतीचे होते आणि कोणत्याही जाळीनंतर काळासोबत अपयश वाढते, हे मान्य करायला हवे. पण ज्या जाळीची ताकद दीड वर्षात संपते, तिची परीक्षा दीड वर्षात संपवून चालणार नाही. जाळी नाहीशी झाल्यानंतरच तिची खरी परीक्षा सुरू होते.

जंतुसंसर्गाची शक्यता असलेल्या, म्हणजे आतडे कापावे लागलेल्या किंवा दूषित झालेल्या पोटात कायमची जाळी बसवू नये, हा जिरणाऱ्या जाळीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मानला जाई. अमेरिकेतील एका यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २५३ रुग्णांपैकी काहींना साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी, तर काहींना प्राण्याच्या ऊतीपासून केलेली जैविक जाळी बसवली होती. दोन वर्षांत पुन्हा हर्निया होण्याचे प्रमाण साध्या जाळीत ५.६ टक्के, जैविक जाळीत २०.५ टक्के होते आणि जखमेच्या गुंतागुंतींत लक्षणीय फरक नव्हता. साध्या जाळीची किंमत १०५ डॉलर, जैविक जाळीची २१,५३९ डॉलर. जैविक जाळी आणि जिरणारी कृत्रिम जाळी एकच नव्हेत, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा तिला लावता येत नाही. पण महाग आणि तात्पुरते ते अधिक सुरक्षित, हे गृहीतक पुराव्याविना कसे वर्षानुवर्षे चालत राहते, याचा हा धडा आहे.

याच्या अगदी उलट टोकाचा धडा महाराष्ट्राने दिला आहे आणि तो आपण पुरेसा लक्षात ठेवलेला नाही. मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या धुळे जिल्ह्यातील दोंडाईचात ग्रामीण शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांच्यापुढे साधा प्रश्न होता : जाळीचा फायदा मान्य, पण ती विकत घेण्याची ऐपत नसलेल्या रुग्णाचे काय? आंध्रातील डॉ. ब्रह्मा रेड्डी आणि अन्य ग्रामीण सहकाऱ्यांसोबत त्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले. साडेतीनशेहून अधिक हर्नियांचा हा अनुभव २००३मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये प्रसिद्ध झाला. हे कापड पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे बाजारातील वैद्यकीय जाळीच्याच कुळातले होते. नाके मुरडणारे पुष्कळ होते. मात्र आफ्रिकेतील शल्यचिकित्सकांनी ते उचलले. युगांडात ३०२ पुरुषांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीचा अहवाल २०१६मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. एका वर्षात मच्छरदाणीच्या जाळीच्या गटात एका रुग्णाला पुन्हा हर्निया झाला, महागड्या जाळीच्या गटात एकालाही नाही. गुंतागुंतींचे प्रमाण जवळपास सारखेच होते. एका जाळीची किंमत एका डॉलरहून कमी, दुसरीची शंभराहून अधिक.

दोंडाईचाचा धडा ‘कोणतेही कापड चालते’ असा नाही. तसे समजणे घातक ठरेल. जास्त तापमानात हे कापड आकसते, त्यामुळे निर्जंतुकीकरण काटेकोर हवे. धाग्याचा दर्जा, त्यात मिसळलेली द्रव्ये, कापडावर कीटकनाशक लावलेले आहे की नाही, हे सारे तपासावे लागते. एका वर्षाचा पाठपुरावाही पुरेसा नसतो. खरा धडा हा की, जाळीची किंमत आणि जाळीचा गुण यांचा संबंध आपोआप जुळत नाही. तो मोजावा लागतो. दोंडाईचात तो मोजला गेला. नव्या जिरणाऱ्या जाळ्यांबाबत भारतीय रुग्णांत तो अद्याप मोजायचा आहे.

शरीरात परके काही राहू नये, ही इच्छा ज्यांची प्रबळ आहे, त्यांच्यासाठीही स्वस्त पर्यायाचा विचार याच मातीत झाला आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी २००१मध्ये जाळीशिवायची पद्धत मांडली. तीत रुग्णाच्याच स्नायूच्या आवरणाची पट्टी आधारासाठी वापरली जाते. पोलंडमधील २०८ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत तीन वर्षांनंतर तिचा निकाल लिक्टेन्स्टाइन पद्धतीइतकाच आला. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आजही जांघेतील हर्नियासाठी सर्वसाधारणपणे जाळीचीच शिफारस करतात, आणि एका चाचणीवर धोरण उभे राहत नाही. पण जाळी जिरवण्यासाठी मोठी रक्कम मोजण्याआधी जाळीच न लागणाऱ्या पद्धतीची चाचणी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पुरेशा मोठ्या प्रमाणावर का होऊ नये, हा प्रश्न उरतोच.

आता धोरणाकडे वळू. वैद्यकीय साधन नियम २०१७मध्ये तयार झाले आणि १ जानेवारी २०१८पासून लागू झाले. त्यांच्या वर्गीकरणानुसार शरीरात पूर्णतः किंवा मुख्यतः शोषली जाणारी रोपणे सर्वाधिक जोखमीच्या ‘ड’ वर्गात मोडतात. १ ऑक्टोबर २०२३पासून ‘क’ आणि ‘ड’ वर्गांतील साधनांना परवाना सक्तीचा आहे. म्हणजे कायद्याला या जाळ्यांची जोखीम कळते. पण परवाना देताना परदेशातील एक-दोन वर्षांचे आकडे पुरेसे मानायचे, की जाळी जिरल्यानंतरच्या वर्षांचाही हिशेब मागायचा, यावर सारे अवलंबून आहे. तीन वर्षांत जिरणाऱ्या जाळीबाबत किमान पाच वर्षांचा पाठपुरावा ही अवाजवी मागणी ठरू नये.

या बाबतीत हृदयविकाराच्या उपचारांतील अनुभव विसरता येणार नाही. विरघळणारा स्टेंट हा असाच मोठा आशेचा विषय होता. रक्तवाहिनीत धातू उरणार नाही, हे त्याचेही आश्वासन होते. अमेरिकी नियामकाने जुलै २०१६मध्ये मान्यता दिलेला अशा प्रकारचा पहिला स्टेंट सप्टेंबर २०१७मध्ये उत्पादकानेच विक्रीतून काढून घेतला. दीर्घकालीन पाठपुराव्यात त्यात गुठळ्या होण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा अधिक दिसले होते. भारतात फेब्रुवारी २०१७मध्ये स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या गेल्या, तेव्हा औषधवेष्टित धातूचा स्टेंट आणि विरघळणारा स्टेंट यांना २९,६०० रुपयांची एकच मर्यादा लावण्यात आली. नावीन्याला किंमत मिळत नाही, अशी ओरड तेव्हा झाली. नंतरचा पुरावा पाहता त्या एका मर्यादेमागचे तत्त्व बरोबर होते : अधिक गुण सिद्ध झाल्याखेरीज अधिक किंमत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या रोपणांच्या किमतीही बांधल्या गेल्या. हर्नियाच्या जाळीवर अशी कमाल मर्यादा नाही. तिच्या छापील किमतीत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, एवढेच बंधन आहे. सुरुवातीची किंमत किती असावी, याला मात्र धरबंध नाही.

दुसरी उणीव नोंदीची. सदोष ठरलेल्या कृत्रिम खुब्याचे प्रकरण आठवावे. उत्पादकाने २०१०मध्ये तो जगभरातून मागे घेतला. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने शोध घेतला तेव्हा त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. ज्याला नुकसानभरपाई द्यायची तो माणूसच कागदावर नाही, अशी ती नामुष्की होती. हर्नियाच्या जाळ्या त्याहून कितीतरी अधिक संख्येने बसवल्या जातात. स्वीडनने १९९२मध्ये आणि डेन्मार्कने १९९८मध्ये हर्नियाच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. डेन्मार्कच्या ज्या आकड्यांचा उल्लेख वर आला, ते अशाच नोंदीतून मिळाले आहेत. आपल्याकडे वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५पासून आहे. पण तो कोणी कळवले तर नोंदवतो. किती जणांना काय बसवले, हे त्यातून कळत नाही. जिरणाऱ्या जाळीत तर आणखी एक पेच आहे. तीन वर्षांनी रुग्ण पुन्हा आला, तर पुरावा म्हणून दाखवायला शरीरात जाळीच उरलेली नसते. कागद नसेल तर काहीच नसते.

म्हणून काही गोष्टी तातडीने कराव्या लागतील. आयुष्मान भारत आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली होणाऱ्या प्रत्येक हर्निया-शस्त्रक्रियेच्या दाव्यात जाळीचे द्रव्य, कंपनी आणि तुकडी क्रमांक नोंदवणे बंधनकारक करावे. दाव्यांची व्यवस्था संगणकीकृत असल्याने त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. एका रकान्याची भर घालावी लागते. त्याच रुग्णाचा पुन्हा हर्नियासाठी दावा आला की कोणती जाळी कोठे अपयशी ठरते, हे आपोआप उघड होईल. खासगी रुग्णालयांत जाळीची किंमत देयकात स्वतंत्र दाखवावी आणि जिरणारी जाळी सुचवताना दोन प्रश्नांची उत्तरे रुग्णाला त्याच्या भाषेत लेखी द्यावीत : ही जाळी किती काळात जिरते, आणि त्यानंतर पुन्हा हर्निया होण्याची शक्यता किती?

त्याचबरोबर स्वस्त जाळीला चोरट्या दाराने नव्हे, राजमार्गाने आणले पाहिजे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची भारतीय झडप घडवली. १९९०मध्ये तिचे पहिले रोपण झाले आणि पुढे ती परवाना घेऊन कारखान्यातून बाहेर पडू लागली. दोंडाईचातील विचाराला असा संस्थात्मक हात मिळाला नाही. आज परवान्याची अट लागू झाल्यावर ग्रामीण शल्यचिकित्सकाने स्वतः निर्जंतुक केलेले कापड वापरणे कायद्याच्या दृष्टीने अवघड आहे, आणि तसे असणे योग्यही आहे. पण तेच कापड प्रमाणित दर्जाचे, निर्जंतुक, क्रमांकित पाकिटात सार्वजनिक क्षेत्रातील एखाद्या उपक्रमाने का बनवू नये? सुरक्षिततेचा नियम करायचा आणि सुरक्षित स्वस्त पर्याय द्यायचा नाही, याचा परिणाम एवढाच होतो की गरीब रुग्ण पुन्हा विनाजाळीच्या ताणलेल्या टाक्यांकडे किंवा शस्त्रक्रियाच न करण्याकडे ढकलला जातो.

जिरणाऱ्या जाळीला विरोध करण्याचे कारण नाही. दूषित पोट, वारंवार संसर्ग झालेला रुग्ण, भिंत मुळात शाबूत असलेला जांघेतील हर्निया, अशा निवडक ठिकाणी तिचे स्थान ठरू शकेल. ते वैद्यकीय महाविद्यालयांत, नियंत्रित चाचण्यांत, पाच वर्षांच्या पाठपुराव्यानिशी ठरले पाहिजे. रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर नव्हे. जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे येणाऱ्या मंडला, डिंडोरी, सिवनी, बालाघाटच्या रुग्णांसारखा, उपचारानंतर पुन्हा अंगमेहनतीकडेच परतणारा वर्ग परदेशी चाचण्यांत फारसा दिसत नाही. जाळी टिकते की नाही, हे त्याच्या पाठीवरच्या पोत्याने ठरेल. त्या माणसाला विचारल्याशिवाय, आणि त्याची नोंद ठेवल्याशिवाय, कोणती जाळी ‘चांगली’ हे ठरवण्याचा अधिकार ना बाजाराला आहे, ना सरकारला.